रायफलच्या बॅरलवर खाचा किंवा खळगे का पाडतात? त्याने नेम सुधारतो का, बॅरल लवकर थंड होते का?

मुख्य कारण वजन. बाकीचे फायदे खरे असले तरी सांगतात त्याहून बरेच लहान आहेत. मी मशीन शॉपमध्ये काम करतो आणि टार्गेट शूटिंगही करतो, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला जातो.

'खाचा पाडल्या की बॅरल ताठ होते, म्हणून नेम सुधारतो' असं सर्रास म्हटलं जातं. पण धातू काढून टाकल्याने कुठलीच वस्तू ताठ होत नाही. तुलना कशाशी करता, यावर सगळं आहे. समजा २२ मिमी व्यासाची, ७.६२ मिमी छिद्राची बॅरल आहे. लांबीभर सहा खाचा मारून तिचं साधारण पाचवा हिस्सा पोलाद काढलं, की ती वजनाला साध्या २० मिमी बॅरलइतकी होते. माझ्या हिशेबाने तिचा मूळ ताठपणा पाऊण हिश्शाच्या आतबाहेर उरतो. वाकायला सगळ्यात जास्त विरोध करतं ते बाहेरच्या कडेचं पोलाद, आणि आपण नेमकं तेच कापलेलं असतं. तरीही ती त्या साध्या २० मिमी बॅरलपेक्षा सहा-सात टक्के ताठ राहते, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. दिवसभर खांद्यावर रायफल वागवायची असेल, तर हा सौदा चांगला आहे.

थंड होण्याचं म्हणाल, तर खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो हे खरं. पण पोलाद कमी झालं की उष्णता साठवायची जागाही कमी होते, म्हणजे तेवढ्याच गोळ्यांत ही बॅरल जास्त तापते. भराभर दहा-पंधरा गोळ्या झाडल्या की बॅरलवरची गरम हवा दुर्बिणीसमोर थरथरते आणि लक्ष्य वाहत्या पाण्याखाली असल्यासारखं हलतं. खाचांनी ते टळत नाही. चेंबर म्हणजे काडतूस बसते ती जागा. तिच्यापुढच्या घशाची, म्हणजे गोळी बॅरलच्या छिद्रात शिरते त्या भागाची, झीजही तशीच होते. ती आतल्या बाजूला, काही मिलिसेकंदांत घडते. बाहेरच्या खाचा तिथे काय करणार?

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. चांगला नेम देणारी तयार बॅरल खाचा मारायला देऊ नका. थंड अवस्थेत ओढलेल्या सरळ शाफ्टला एका बाजूने की-वे, म्हणजे लांब खाच, कापली, की व्हाइसच्या पकडीतून सोडल्यावर तो वाकतो. बारीक फरक दाखवणारं डायल लावून फिरवला की काटा हलताना मी कित्येकदा पाहिलाय. पोलादात दबून राहिलेला ताण मोकळा होतो, एवढंच. बटण, म्हणजे कठीण धातूचा ठोकळा, छिद्रातून ओढून आतले पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पाडलेल्या बॅरलमध्ये असा ताण बराच असतो. वरून कापल्यावर छिद्राचा व्यास जागोजागी किंचित बदलू शकतो आणि तो नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही. त्यामुळे खाचा हव्याच असतील तर ज्याने बॅरल बनवली त्याच्याकडूनच, ताण काढलेल्या पोलादावर मारलेल्या घ्या. चेंबरवर तर खाच नकोच, सगळ्यात जास्त दाब तिथे असतो.

खळग्यांबद्दल गोल्फच्या चेंडूचा दाखला देतात, तो इथे लागूच होत नाही. तो चेंडू हवेतून उडतो, बॅरल जागेवर असते. खळगे उथळ असतील तर वजनही फारसं घटत नाही. दिसायला आवडत असतील तर जरूर घ्या.

तुम्ही टेबलावर टेकवूनच नेमबाजी करणार असाल, तर त्याच पैशात जाड, साधी बॅरल घ्या.