जुन्या संगणकाची हार्ड डिस्क अडखळते आहे; चेकडिस्क चालवावे का?

आपण लिहिले आहे की २०१२ साली घेतलेला संगणक सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे घेतो, फोल्डर उघडताना मध्येच गोठतो, डिस्कवर वडिलांनी काढलेले सगळे फोटो आहेत आणि दुकानदाराने ‘चेकडिस्क चालवा, नाहीतर फॉरमॅट मारा’ असा सल्ला दिला आहे. माझी कळकळीची विनंती आहे की, फोटोंची प्रत हाती येईपर्यंत या दोहोंपैकी काहीही करू नका. फाइलींच्या नोंदींमधील विसंगती दुरुस्त करणे हे चेकडिस्क या विंडोजमधील प्रोग्रामचे काम आहे. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरील माहिती साठवण्याचे बिघडलेले छोटे कप्पे, शोधण्याच्या पर्यायासह ते चालवले, तर ते संपूर्ण डिस्क वाचून काढते, न वाचता येणाऱ्या जागी तासन्‌तास अडकते आणि नोंदी ‘दुरुस्त’ करताना वाचवता आल्या असत्या अशा फाइलीही तोडून टाकू शकते.

डिस्क टक-टक किंवा खरवडल्यासारखा आवाज करत असेल, तर संगणक लगेच बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. डिस्कची वाचणारी टोके तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. ती तबकडीला घासू लागली, तर प्रत्येक मिनिटाला माहिती कायमची नष्ट होते. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्यावी. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. मुंबईच्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरते.

आवाज नसेल, तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवून ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब झाल्याने बदललेले सेक्टर), ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (सध्या नीट वाचता न येणारे सेक्टर) आणि ‘सीआरसी एरर’ (डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये माहिती जाताना झालेल्या चुका) या तीन ओळी पाहा. गिरगावातील माझ्या घरच्या डिस्कवर सकाळी ‘पेंडिंग’समोर ८ हा आकडा होता आणि जेवून आलो तोवर तिथे १८ दिसू लागले. हा प्रोग्राम मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे ते १८ म्हणजे प्रत्यक्षात २४ (एक सोळा आणि आठ) सेक्टर होते. एका दुपारीत तिप्पट झालेला तो आकडा पाहून मी बाकीची सगळी कामे सोडली आणि नवी डिस्क आणायला निघालो. याउलट पहिल्या दोन ओळी शून्यावर असून फक्त सीआरसीचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ही केबल अगदी किरकोळ किमतीत मिळते. ती बदलल्यावर आकडा शून्य होत नाही, पण वाढायचा थांबतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

पेंडिंगचा आकडा वाढत असेल, तर विंडोज सुरूच करू नये, कारण ते पाठीमागे डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असते. तितक्याच किंवा अधिक क्षमतेची दुसरी डिस्क जोडा, पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुरू करा आणि तिच्यातील ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रत काढा. हा प्रोग्राम आधी नीट वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागा शेवटी हाताळतो. त्याला नोंदवहीची, म्हणजे मॅप फाइलची, जागा सांगून ठेवली, तर वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. आज्ञा देताना जुनी डिस्क आधी आणि नवी नंतर लिहायची असते. हा क्रम चुकला, तर रिकामी डिस्क फोटोंवर लिहिली जाईल, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कची नावे आणि क्षमता मोठ्याने वाचून पाहा. काम रात्रभर चालू शकते; तेवढा वेळ कॅबिनेट उघडे ठेवून पंखा डिस्कवर सोडा.

चेकडिस्क चालवायचेच असेल, तर ते या प्रतीवर चालवावे. संगणक पुढे वापरायचा असेल, तर अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, त्यात सहज बसते. मात्र विंडोज ७ असल्यास तेच पुन्हा घालू नका, कारण त्याची सुरक्षा अद्यतने सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी जानेवारी २०२० मध्येच थांबली. आणि प्रत झाली म्हणून जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधील काही फोटो नव्या डिस्कवर उघडून पूर्ण दिसतात का, खालचा अर्धा भाग करडा तर येत नाही ना, हे वडिलांना शेजारी बसवून तपासा, कारण कोणता फोटो हरवला आहे हे त्यांनाच ओळखता येईल.