शपथ आधी मागे घ्या

(तासगावचे एक पालक लिहितात: मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्रात ७८ टक्के. कार्बनवर धातूंची संयुगं बसवून पाण्यातून हायड्रोजन काढायचा, बॅटरीत वीज साठवायची, असलं काही तिच्या डोक्यात आहे. तिनं बँकेची परीक्षा द्यावी. जग कोळसा बंद करतंय आणि ही कार्बन शिकणार! तिला समजवा.)

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. गुणांची मला काळजी नाही. पण 'पुन्हा हायड्रोजनचं नाव काढलंस तर माझी शपथ आहे,' असं तुम्ही तिला भर जेवणात सांगितलंत आणि तेव्हापासून ती अभ्यासाचा विषयच काढत नाही, हे मनाला लागलं. तुम्हाला वाटतं, पोरगी ताळ्यावर आली. मला वाटतं, तिनं तुमच्याशी बोलणं सोडलं. बाग दोन वर्षं अवकाळीत गेली, घरात एक पक्का पगार हवा, ही तुमची निकड खरी आहे. मग कर्जाची वही तिच्यापुढे ठेवा. वीस वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो. शपथेपुढे ती काय बोलणार?

तिनं दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांना तासून मिठाच्या पाण्यात बुडवल्या, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, आणि तुम्ही ते पातेलं मोरीत ओतलंत. ऋण टोकाच्या पेन्सिलीवर आलेले बुडबुडे हायड्रोजनचे होते. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. (मीठ मात्र नको, दुसऱ्या टोकाला क्लोरीन सुटतो. खायचा सोडा घाल म्हणावं, आणि खिडकी उघडी ठेव.)

आता कोळशाचं. इथे कार्बन जाळायचा नसतो, त्याच्यावर दुसऱ्याला बसवायचं असतं. पाण्यातून हायड्रोजन सोडवायला प्लॅटिनम सरस, पण भारी महाग. म्हणून निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम यांची संयुगं वापरून बघतात. त्यातल्या बऱ्याच संयुगांतून वीज नीट वाहत नाही, कणही एकमेकांना चिकटून बसतात. कार्बनवर ती बारीक पसरली की वीज पोचते आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. बॅटरीत लिथियम शिरला की धातूचं ऑक्साइड फुगतं, बाहेर पडला की आकसतं आणि शेवटी त्याचा भुगा होतो. तिथे कार्बन त्याला धरून ठेवतो. असा कार्बन उसाच्या चिपाडापासूनही करतात, आणि चिपाडाला आपल्याकडे तोटा नाही.

वाट सरळ आहे: जॅम (एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा), एम.एस्सी., नेट किंवा गेट (पीएच.डी.आधीच्या परीक्षा), मग पीएच.डी. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. पण पीएच.डी.ला पाच वर्षं धरा, आणि नंतरची नोकरी सांगलीत मिळेल असं मी म्हणणार नाही. सरकारनं २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी (सूर्य-वाऱ्यासारख्या स्वच्छ ऊर्जेवर काढलेल्या हायड्रोजनसाठी) १९,७४४ कोटींचं अभियान मंजूर केलं. त्यानं तिची नोकरी पक्की होत नाही. हेही तिला माहीत असू द्या.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. शपथ मागे घ्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाकीट बंद करण्याआधी ते वाचू नका.