आधी पाणी विचारा

डॅलसहून सुट्टीवर नाशिकला आलेल्या एका ताईंनी चार पानी पत्रात तीन प्रश्न विचारलेत. मी पहिल्यालाच धरून बसणार आहे, रागावू नका.

त्या लिहितात, "सासऱ्यांचं वर्षश्राद्ध उरकून रामकुंडावरून निघालो. पायऱ्यांवर एक आजोबा बसले होते, पायात एकच चप्पल. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमची माणसं कुठं गेली?' विचारत होते. मी शंभराची नोट पुढे केली, त्यांनी घेतली नाही. हे म्हणाले, चल, उगाच पोलिसांची भानगड मागे लागेल. रिक्षात मुलीने विचारलं, 'आई, आजोबांना सोडून का आलो?' तिला काय सांगू?"

घाबरलो म्हणून आलो, असं सांगा. पोरांना खरं कळतंच, फक्त आपण कधी कबूल करतो त्याची ती वाट बघतात.

पण शंभराची नोट? अहो ताई, ते माणसं मागत होते. विमानातून उतरलं की आपला हात आधी पाकिटाकडे जातो, ही आपल्या सगळ्यांचीच खोड. मीही तशीच वागलेय. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या दारात माठ असायचा आणि आजीचा क्रम ठरलेला असायचा. आधी पाणी, मग गाव, मग नाव. सिंहस्थात तर वाट चुकलेलं कुणी ना कुणी रोज ओट्यावर. पाणी पोटात गेलं की माणूस भानावर येतो, गावाचं नाव आठवतं, असं ती म्हणायची. हे तुम्ही माझ्याकडून दहादा वाचलं असेल, अकराव्यांदा वाचा.

आता माझ्या वडिलांचं ऐका. शेवटच्या दोन वर्षांत दादांना विसर पडायला लागला होता. एकदा सकाळी बंडी आणि पायजम्यावरच बाहेर पडले. नाशिकला अकरा वाजलेले, टोरांटोत रात्रीचा दीड, आणि बहिणीचा फोन, "दादा सापडत नाहीत." मी इथे स्वयंपाकघरात उभी. काय करणार होते? दुपारी ते निमाणी स्टँडवर सापडले. एका पेरूवाल्याने त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं, चहा पाजला, धंदा सोडून शेजारी उकिडवा बसला. बंडीच्या खिशात बहिणीने नंबर लिहून ठेवलेला कागद होता, तो त्याने शोधला. त्या माणसाचं नाव आम्ही विचारायचं विसरलो, अजून खंत वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे असंच परक्याच्या भरवशावर आहे, ताई. तुमच्या आईच्या खिशात, पिशवीत नंबर आहे का? आज जाऊन बघा.

पुन्हा असं कुणी दिसलं, तर उभ्याने प्रश्नांची सरबत्ती करू नका. खाली बसा. पाणी द्या. "कुठल्या गावचे?" हे आधी, कारण नाव विसरलेला माणूसही पुष्कळदा गाव सांगतो. सोबत कोण होतं, गाडी कुठे उभी होती, ते विचारा. खिशात चिठ्ठी असेल का, हे त्यांना विचारूनच बघा. नाहीच कळलं तर ११२ लावा, तब्येत बिघडलेली वाटली तर १०८ ची रुग्णवाहिका, आणि कुणाच्या तरी ताब्यात देईपर्यंत उठू नका.

यजमानांच्या पोलिसांच्या भीतीबद्दल. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यासाठीसुद्धा २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. इथे तर अपघातही नव्हता, एक म्हातारा माणूस चुकला होता. त्यांना चार शब्द सुनवायचा मोह आवरते, कारण आमचे हेही अगदी असेच, आणि वडील गेल्याच्या वर्षी बायकोपोरांना घेऊन घाटावर उभा असलेला माणूस आधीच हबकलेला असतो.

उरलेले दोन प्रश्न. नणंदेच्या मुलीला आहेर काय करायचा? नणंदेलाच विचारा, मी का मध्ये पडू.

आणि "मुलगी मराठी बोलत नाही हो, फार काळजी वाटते" म्हणता. रिक्षातला तो प्रश्न तिने कुठल्या भाषेत विचारला होता?