इन्चार्जची ओरड आणि सलग नाइट

प्रश्न : नागपुरात धंतोलीतल्या खासगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर ‘तुला जीएनएम (नर्सिंगची पदविका) कोणी दिलं?’ म्हणून ओरडतात. उलट बोललं की पुढच्या ड्यूटी चार्टमध्ये सलग नाइट येतात, ऑफ (सुटी) कापला जातो. झोप उडाली आहे, पेशंटचाही वैताग येतो. नोकरी सोडू का?
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : सोडायची तर सोडा, पण नाइट संपवून आल्या सकाळी राजीनामा लिहू नका.

डोस चुकला म्हणून सिस्टर कडक बोलल्या, तर ते त्यांचं कामच आहे. एकाच मुलीचा चारचौघांत वारंवार पाणउतारा करणं आणि ड्यूटीतून वचपा काढणं हा छळ. तुमचा खरा पुरावा चार्टमध्ये आहे. ओरडलोच नाही असं म्हणता येतं, भिंतीवर लागलेला चार्ट नाकारता येत नाही. प्रत्येक चार्टचा फोटो ठेवा आणि तीन महिन्यांत कोणाला किती नाइट, किती ऑफ आले ते मांडा. घरच्या वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथं कोण होतं हे त्याच दिवशी लिहा. पेशंटचं नाव किंवा केसपेपरचा फोटो मात्र त्यात चुकूनही नको, नाहीतर गोपनीयता मोडली म्हणून तुमच्यावरच नोटीस येते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

‘ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवणं) नीट दिला नाही’ हा आरोप हमखास होतो. ओव्हर काउंटरवर न देता खाटेजवळ द्या: औषधाच्या पंपाचा रेट, उरलेलं व्हॉल्यूम, युरिन आउटपुट, ड्रेन, राहिलेल्या तपासण्या, पुढचे डोस. शेवटी दोघींच्या सह्या.

मग मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) एक पानाचा अर्ज. ‘त्यांना समज द्या’ असं मोघम मागू नका. नाइटची समान पाळी, नाइटनंतर ठरलेला ऑफ आणि चूक एकांतात सांगणं, एवढंच मागा. एक प्रत एचआरला द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलं की गोष्ट ‘सिस्टरांचा स्वभावच तसा’ इथंच संपते. शेरे किंवा स्पर्श लैंगिक असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे; 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं ती सक्तीची, आणि तक्रार 3 महिन्यांत करायची. बाकीचा अपमान तिच्या कक्षेत येत नाही.

आता थकव्याचं. सतत गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं, ही बर्नआउटची तीन लक्षणं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम मानते. म्हणूनच रजेनं बरं वाटतं आणि जुन्या चार्टवर परतलं की पुन्हा तेच. नाइटला शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी घ्या, घरी जाताना काळा चष्मा लावा, खोलीला जाड पडदे हवेत. कूलरची घरघर उन्हाळ्यात इथं कामी येते. बाहेरचे आवाज दबतात. दोन आठवडे उदासी हटली नाही, जेवण सुटलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मनोविकार ओपीडीतही दाखवता येतं.

शेवटी सोडायचंच ठरलं, तर नेमणूकपत्रातला नोटीस काळ पाळा आणि अनुभवपत्र व मूळ प्रमाणपत्रं हातात घेऊनच निघा.

प्रश्न : मी इन्चार्ज आहे. वॉर्डात 20 पेशंट, पाळीला दोन स्टाफ. चूक दाखवली की मुली ‘त्रास देता’ म्हणतात.
(एक वाचक, जरीपटका)

उत्तर : भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे. तुमच्याकडे दहामागे एक आहे, तिथं कोणाचाही तोल जाणारच. हा आकडा दर महिन्याला लेखी वर पाठवा.

पेशंटला धोका असेल तेव्हाच खाटेजवळ थांबवा. न मिसळलेलं पोटॅशियम क्लोराइड कोणी थेट शिरेतून द्यायला निघालं, तर लगेच हात धरा, मान-अपमान नंतर पाहू. बाकीचं त्याच पाळीत, ड्रेसिंग रूममध्ये, एका वेळी एकच चूक. ‘तू नेहमीच’ हे शब्द टाळा. चार्टखाली प्रत्येकीच्या महिन्याभराच्या नाइटचा आकडा लिहून लावा, अर्ध्या कुरबुरी तिथंच थांबतील. आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्या मुलीचा पगार कापू नका. एकदा कापला की पुढची चूक तुम्हाला पेशंटची तब्येत बिघडल्यावरच कळेल.