माहिती शोधणं आणि तपासणं शिकवायला शाळेत वेगळा तास लागतो का?

कोरेगाव तालुक्यात सातवी-आठवीला शिकवता, मुलं आईवडिलांच्या फोनवर जे पहिलं दिसेल ते वहीत उतरवून आणतात, संगणक कक्ष नावापुरताच आहे. मग माहिती कशी शोधावी, कशी तपासावी हे शिकवायला वेगळा तास घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी वाळवा तालुक्यात माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. माझं मत सरळ आहे: वेगळा तास घेऊ नका. तसा तास घेतला की मुलं "अफवांवर विश्वास ठेवू नये" हे उत्तर पाठ करतात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि संध्याकाळी तोच मेसेज चार ग्रुपवर पाठवतात. जो विषय शिकवताय त्यातच हे आणा आणि सुरुवात अशा प्रश्नानं करा, ज्याचं उत्तर मुलांना गावातच तपासता येईल.

आमच्याकडचं उदाहरण देते. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंतीची भाषणं असतात. आठवीतल्या काही मुलांनी अण्णा भाऊंचं जन्मगाव वाटेगाव सातारा जिल्ह्यात लिहिलं होतं, काहींनी सांगली जिल्ह्यात. वाटेगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे 'सातारा' लिहिणाऱ्यांना वर्गानं लगेच चूक ठरवून टाकलं. मी उत्तर दिलं नाही. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, दोन्ही कुठं ना कुठं छापलेली आहेत, मग यातलं एक खोटं आहे हे कशावरून? मुलं जिल्ह्याचा इतिहास शोधायला लागली. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं, आणि अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा. म्हणजे जन्मावेळी सातारा, आता सांगली. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद घेऊन आली. "बाई, आज्ज्याच्या दाखल्यावर बघा की, जिल्हा दक्षिण सातारा लिवलंय." घड्या पडून विरलेला शाळा सोडल्याचा दाखला होता. सगळा वर्ग त्यावर वाकला. मूळ कागद आणि त्यावरून कुणी तरी लिहिलेली माहिती यातला फरक समजवायला मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

तुमच्या साताऱ्यात तर याहून मोठं उदाहरण आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झालं. ही तारीख शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीवरून माहीत आहे, आणि त्याच दिवशी आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. त्या दिवशी मुलांना भाषण लिहायला सांगाल, तर आधी हे विचारा: ही तारीख आपल्याला कळली कशी? कुणी लिहून ठेवली, कधी, कशासाठी? बाबासाहेबांवरची दहा पानं उतरवून काढण्यापेक्षा या प्रश्नाचा पाठपुरावा मुलांच्या जास्त उपयोगी पडतो.

शोधण्याची एक सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. मूल एक पान उघडतं, ते दिसायला व्यवस्थित असलं की खरं धरून चालतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यवसायानं बातम्या तपासणारे लोक यांना एकाच कामाला बसवून पाहिलं. तपासणारे लोक पुढं निघाले, कारण समोरचं पान वाचत बसण्याऐवजी ते लगेच दुसरीकडं जाऊन या पानामागं कोण आहे ते बघत होते. सातवीच्या मुलालाही हे जमतं. त्याला एवढंच सांगायचं की पहिल्या ठिकाणी जे वाचलंस ते दुसऱ्या ठिकाणी बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. आता फोनवर सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर येतं, त्यालाही हाच नियम.

इंटरनेट नसलं तरी अडत नाही. मराठी विश्वकोश तुमच्याच जिल्ह्यात, वाईत घडला. त्याचे खंड शाळेत असतील तर कपाटातून बाहेर काढा. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याच ठिकाणी संदर्भग्रंथही दिलेले असतात. तिथं मुलांना बोट ठेवायला लावा. मग खंड कोणत्या वर्षी निघाला ते बघायला सांगा. पहिला खंड १९७६ चा. त्यातली शहरांची लोकसंख्या आज चालणार नाही, पण ज्ञानेश्वरीवरची नोंद वर्षानं शिळी होत नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं इतक्या तळमळीनं करते, ते सांगते. आम्ही कृष्णाकाठचे. पावसाळ्यात आमच्या फोनवर पाण्याआधी मेसेज चढतात. २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ "आत्ताचे" म्हणून फिरतात. म्हणून जुलैत भूगोलाच्या तासाला मी पुराचेच मेसेज घेते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आधी पाठ. मग "आयर्विनला ४२ फूट" एवढंच लिहिलेला मेसेज फळ्यावर. मुलंच विचारतात, कुठल्या तारखेला? किती वाजता? पाणी चढतंय का उतरतंय?

क्युसेक आणि टीएमसी यांचा घोळ तर मोठी माणसंही घालतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय, आणि टीएमसी म्हणजे साठा. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. मी स्वतः एक खोटा मेसेज तयार करून देते: "कोयनेतून रात्रीत ५० टीएमसी पाणी सोडलं." मुलं गणित करतात. ५० हजार क्युसेकनं अख्खे चोवीस तास पाणी सोडलं तर ४.३२ टीएमसी होतं. बारा तासांत ५० टीएमसी सोडायचं तर साडेअकरा लाख क्युसेक लागतील, आणि कोयनेची पूर्ण क्षमताच १०५.२५ टीएमसी. मेसेज तिथंच पडतो, इंटरनेट न लावता. गणिताच्या सरांना सोबत घ्या, त्यांनाही हे आवडतं.

पण फक्त "हे खोटं, तेही खोटं" असं शिकवू नका. कशावरच विश्वास न ठेवणारं पोर पुराच्या वेळी तितकंच धोक्यात असतं, कारण घर सोडायची खरी सूचनाही ते उडवून लावतं. खरी माहिती कुठं मिळते हे त्याच्या डोक्यात पक्कं हवं: पाटबंधारे खात्याचे आकडे, जिल्हा प्रशासनाची सूचना, ग्रामपंचायतीची दवंडी.

आणि हा प्रश्न फक्त पुराचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, मुलं पळवणारे समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मारहाण झाली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच संशयावरून पाच माणसांना जमावानं ठार मारलं. हा विषय नववी-दहावीत जरूर घ्या. "तुला हे कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी?" हा प्रश्न तिथं एखाद्याचा जीव वाचवू शकला असता.

वर्गाच्या आधी शिक्षकांचा ग्रुप सुधारावा लागतो, हेही सांगते. "युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं" हा मेसेज १५ ऑगस्टच्या आसपास अजूनही येतो. युनेस्को असं काही ठरवत नाही. बाईच असलं फळ्यावर लिहितात हे बघितलेलं मूल आपलं बाकी काही ऐकत नाही.

राहिला प्रकल्प. "कोयना धरणाची माहिती लिहा" असं सांगाल तर दुकानातले तक्ते चिकटवलेली वहीच येणार. त्याऐवजी विचारा: २०१९ चं पाणी नदीकाठच्या पाहुण्यांच्या गावात कुठपर्यंत आलं होतं, आणि २००५ पेक्षा जास्त होतं का? मुलं मामाला, आजीला विचारतील, भिंतीवरची खूण मोजतील, जुनं वर्तमानपत्र शोधतील. उत्तरं जुळणार नाहीत. न जुळणारी उत्तरं खोडायची नाहीत, दोन्ही लिहायची आणि कुणाचं का धरलं ते सांगायचं. दहापैकी चार गुण मी फक्त "हे कुठून कळलं" या रकान्याला ठेवते, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. गुण तिथं आहेत म्हटल्यावर मुलं तो रकाना भरतात, आणि दिवाळीपर्यंत न सांगता भरायला लागतात.