वाचक विचारतात: गाडीचं पॉलिश आणि वॅक्स घरच्या घरी

प्रश्न: माझी सेकंडहँड गाडी आहे, सात वर्षं जुनी, रंग काळा. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात. शेजारचे काका म्हणाले रबिंग कंपाऊंड आणून घास, मग मी डबा आणून ठेवलाय पण हात लावायची हिंमत होत नाहीये. दसऱ्याच्या आत गाडी चमकवायची आहे, करू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: हिंमत झाली नाही हे बरंच झालं दादा, तो डबा आधी कपाटात ठेवा. लोक पॉलिश आणि वॅक्स एकच समजतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. पॉलिश रंगाचा थर थोडासा खरवडून काढतं, वॅक्स त्याच्यावर नवीन थर चढवतं. तुमच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो ना तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि त्या गोल रेषा त्याच्यातच आहेत. प्रत्येक वेळी घासलं की तो थोडा कमी होतो, परत भरून येत नाही. कंपाऊंड तर पॉलिशपेक्षा जास्त खरखरीत. मी माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटची कड कंपाऊंडने घासत बसलो होतो, कडेला रंग मुळातच पातळ असतो, दहा मिनिटांत खालचा प्रायमर दिसायला लागला आणि शेवटी बॉनेट रंगवून घ्यावं लागलं. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

तर आधी गाडी नीट धुवा. दोन बादल्या घ्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचं, वरून खाली यायचं आणि चाकांचं कापड वेगळं ठेवायचं. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवा, खरखर लागली तर रंगात धूळ-डांबर रुतलेलं आहे, ते क्ले बारने (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी) काढायचं, भरपूर शॅम्पूचं पाणी मारत आणि अजिबात जोर न लावता. क्ले जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या, पैसे गेले तरी चालतील, कारण तिला चिकटलेली वाळू पुढच्या फेरीत रंगच ओरखडणार.

आता पॉलिश, आणि ते बारीक दाण्याचं, म्हणजे फाइन पॉलिश. गाडी सावलीत पाहिजे, पत्रा हाताला गार लागला पाहिजे, सोलापूरच्या उन्हात सकाळी आठच्या आत काम उरका. कडांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यायचा, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब फोमच्या पॅडवर, हलका दाब, मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं. आधी एका कोपऱ्यात करून बघा, फरक पटला तरच पुढे जा. हाताने सगळ्या रेषा जाणार नाहीत, निम्म्या कमी झाल्या तरी काळा रंग खूप खोल दिसायला लागतो, तिथे थांबा. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॉलिशने जात नाही, त्याला टचअपच लागतं, म्हणजे तेवढ्या जागी रंग भरावा लागतो.

शेवटी वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं, चमक सुंदर येते. थर जेवढा पातळ तेवढा चांगला, जाड लावला तर पुसताना तुमचाच दम निघेल. डब्यावर दिलाय तेवढा वेळ धुरकट होऊ द्या आणि पुसा. दोन-तीन महिन्यांनी पाणी टाकून बघा, थेंब गोल उभे न राहता पसरायला लागले की परत वॅक्स लावा. वॅक्स पुन्हा पुन्हा लावलं तरी चालतं, पॉलिश मात्र गरज असेल तरच.

आणि त्या रेषा आल्या कुठून? बहुतेक रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकल्यामुळे. एकाच बादलीत सोसायटीच्या दहा गाड्या पुसल्या जातात तिथेही हेच होतं. ही सवय बदलली नाही तर दिवाळीपर्यंत रेषा परत येतील. दसऱ्याचं हळदकुंकूही दुसऱ्या दिवशी कोरडं पुसू नका, पाण्याने धुवून काढा.

प्रश्न: जुनी लाल गाडी पॉलिश करताना कापडाला लाल रंग लागतोय, काही बिघडलं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: घाबरू नका. जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा, त्यामुळे मूळ रंगच थोडा कापडाला येतो. फिका पडलेला थर निघाला की खालचा लाल उजळतो. फक्त एकदाच करा आणि लगेच वॅक्स लावा.

प्रश्न: वॅक्सचे पांढरे डाग काळ्या बंपरवर बसलेत. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: शॅम्पूच्या कोमट पाण्यात मऊ टूथब्रश बुडवून हळूहळू घासा, दोन-तीन वेळा करावं लागेल. पुढच्या वेळी आधी टेप लावा.