स्टेशनच्या नावापुढे 'जंक्शन' कधी लावतात? सगळी जंक्शनं सारखीच असतात का?

साधा नियम: स्टेशनातून किमान तीन दिशांना रेल्वेमार्ग फुटत असतील तर ते जंक्शन. फलाट किती किंवा गर्दी किती, याचा त्याच्याशी संबंध नाही.

रचना मात्र सारखी नसते. कल्याण सगळ्यात सोपं. मुंबईहून आलेला मार्ग दुभंगतो, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. मुंबईहून गाडी कुठेही जावो, तोंड फिरवायची गरज नाही.

दौंडला खरी गंमत आहे. मनमाड-अहिल्यानगरकडून येणारा मार्ग दौंड स्टेशनात पुण्याच्याच बाजूने शिरतो. त्यामुळे सोलापूरला जाणारी गाडी सरळ निघून जाते, पण पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. यात वेळ जातो, वर फलाटही अडून राहतो. म्हणून तिथे कॉर्ड लाइन, म्हणजे त्रिकोणाची तिसरी बाजू टाकली. आता अनेक गाड्या मुख्य स्टेशन टाळून 'दौंड कॉर्ड लाइन' स्टेशनावरून थेट पुण्याकडे वळतात. (सामान घेऊन चुकीच्या स्टेशनावर जाऊ नका, तिकिटावरचं नाव नीट वाचा!)

रूळ एकमेकांना छेदून जातात त्याला डायमंड क्रॉसिंग म्हणतात. नागपूरचं प्रसिद्ध आहे. तिथे एक गाडी जाताना आडव्या मार्गावरच्या गाडीला थांबावंच लागतं. त्यावरचा महागडा उपाय म्हणजे एक मार्ग वरून नेणे. मुंबईत सँडहर्स्ट रोडला हार्बरच्या लोकल वरच्या मजल्यावर थांबतात, मेन लाइनच्या लोकल खालच्या मजल्यावर.